फोटॉनिक चिप बनवून घ्यायची? मग पॅकेजिंगपासून उलटं सुरू करा

यवतमाळ, पुसद, शेगाव, बडनेरा, सेवाग्राम, चंद्रपूर, आपल्या इकडच्या कॉलेजातले पोट्टे-पोट्टी आजकाल इंटिग्रेटेड फोटॉनिक्सबद्दल लय विचारून राहिले. उजेडावर चालणारी चिप, एआयचे डेटा सेंटर, सेन्सर, क्वांटम, सगळं वाचलेलं असते त्यांनी, अन् मग प्रश्न एकच, आपल्याले खरोखरची चिप बनवून मिळेल का? मिळते. फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, आपल्या जिल्ह्यात नाही म्हणून काही अडत नाही, डिझाइनची फाइल पाठवायची अन् दुसरं कोणी बनवून देतं, ही सोय जगभर आहे. अडतं ते पुढे. चिप हातात येते, अन् मग तिच्यात उजेड घालायचा कसा, लेझर कुठून आणायचा, फायबर कोण चिकटवणार, हे कोणी आधी ठरवलेलंच नसते. वर्ष निघून जाते अन् चिप डबीतच राहते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून राहिलो, कारण आपल्या इकडे हे सांगणारं माणूस सहज भेटत नाही, अन् पोट्ट्यांची मेहनत अशी डबीत पडून राहणं मला अजिबात पटत नाही.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. फोटॉनिक्समध्ये चिपचा तुकडा हा खर्चाचा लहान भाग आहे. पॅकेजिंग (चिपला फायबर, लेझर, तारा जोडून डबीत बसवणं), असेंब्ली अन् टेस्टिंग मिळून पूर्ण मॉड्यूलच्या खर्चाचा मोठा हिस्सा खातात, या धंद्यातले लोक बरेचदा ८० टक्क्यांपर्यंतचा आकडा सांगतात. साध्या इलेक्ट्रॉनिक चिपचा हिशोब असा नसतो. त्यामुळे काम उलटं करायचं, आधी पॅकेज ठरवा, मग लेझर, मग टेस्टिंगची सोय, अन् सर्वात शेवटी चिप काढायला बसा.

आधी कागदावर उजेडाचा हिशोब

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक पान घ्या अन् त्यावर लिहा की लेझरमधून निघालेला उजेड डिटेक्टरपर्यंत किती उरतो. उदाहरण पाहा. लेझर १० मिलीवॅटचा. फायबरमधून चिपमध्ये जाताना ४ डीबी गेले (डीबी म्हणजे उजेड किती घटला त्याचं माप, ३ डीबीला अर्धा उरतो, १० डीबीला दहावा हिस्सा), सिलिकॉनच्या वेव्हगाइडमध्ये (चिपवरची उजेड वाहायची बारीक वाट) एका सेंटीमीटरला साधारण २ ते ३ डीबी जातात तर २.५ धरा, अन् चिपमधून परत फायबरमध्ये येताना पुन्हा ४. झाले १०.५ डीबी. म्हणजे अकरावा हिस्सा उरला, १० मिलीवॅटचे ०.९ मिलीवॅट राहिले, अन् अजून तुम्ही चिपवर काही कामाचं केलंच नाही. नुसतं आत जाऊन बाहेर आले. ह्याच्यावर स्प्लिटर (उजेड वाटणारा), रिंग (ठरावीक तरंगलांबीच पकडणारं गोल वेव्हगाइड), मॉड्युलेटर (उजेडावर सिग्नल चढवणारा), प्रत्येकाचा आपापला लॉस. हा हिशोब जमत नसेल तर डिझाइन छोटं करा, नाहीतर सिलिकॉन सोडून सिलिकॉन नायट्राइडकडे वळा, त्याच्यात लॉस बराच कमी असतो, पण वळणं मोठी घ्यावी लागतात अन् चिपवर जागा जास्त जाते.

ह्या हिशोबात दोन वेळा ४ डीबी कुठे गेले ते पाहिलं? जोडात. म्हणून आता जोडाबद्दलच जरा जास्त बोलू.

फायबर अन् चिपचा जोड, खरी लढाई इथंच

नेहमीच्या सिंगल मोड फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरचा उजेड सुमारे १० मायक्रॉनच्या गोलात पसरलेला असतो. सिलिकॉनचं वेव्हगाइड असते ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद अन् २२० नॅनोमीटर जाड. म्हणजे कालव्याचं पाणी सरळ ठिबकच्या नळीत घालायचं आहे, अन् सांडू द्यायचं नाही. त्यासाठी दोन रस्ते आहेत.

पहिला ग्रेटिंग कपलर. चिपच्या वरच्या पृष्ठभागावर बारीक रेघा असतात, फायबर वरून थोडा तिरपा, साधारण ८ ते १० डिग्रीत धरायचा अन् उजेड खाली वळून वेव्हगाइडमध्ये जातो. ह्याचा मोठा फायदा म्हणजे चिप कुठेही टेस्ट करता येते, कडेपर्यंत यायची गरज नाही, अन् फायबर अडीच मायक्रॉन इकडेतिकडे झाला तरी साधारण एकच डीबी जास्त जातो. तोटा असा की हा ठरावीक ३०-४० नॅनोमीटरच्या पट्ट्यातच नीट चालतो अन् एकाच पोलरायझेशनला (उजेडाच्या कंपनाच्या एकाच दिशेला) चालतो.

दुसरा एज कपलर. उजेड चिपच्या कडेतून आत. लॉस कमी, पट्टा रुंद, मोठ्या कंपन्यांना तोच आवडतो. पण लेन्स्ड फायबरचा ठिपका ३ मायक्रॉनचा धरला तर पाऊण मायक्रॉन सरकला की एक डीबी गेलाच. शिवाय चिपची कड आरशासारखी साफ पाहिजे, म्हणजे फाउंड्रीकडून (चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडून) वेगळं एचिंग (कोरणं) किंवा पॉलिशिंग, वेगळे पैसे. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा चिप करून राहिले असाल तर ग्रेटिंगच घ्या, एज कपलरचा मोह दुसऱ्या चिपसाठी ठेवा.

आता ग्रेटिंग घेतलं तर पुढच्या गोष्टी आजच ठरवून टाका, नंतर बदलता येत नाहीत. फायबर एकएकटा लावायचा नाही, फायबर ॲरे विकत मिळतो, काचेच्या खाचांमध्ये ओळीत बसवलेले फायबर, अन् त्यातलं अंतर सहसा १२७ नाहीतर २५० मायक्रॉनच मिळतं. म्हणून चिपवरचे ग्रेटिंगसुद्धा त्याच अंतरावर, एका सरळ ओळीत, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. मनाला वाटेल तिथे ग्रेटिंग ठेवले की जगातला कोणताच ॲरे त्यावर बसत नाही. ओळीतला पहिला अन् शेवटचा ग्रेटिंग एकमेकांना साध्या वेव्हगाइडने जोडून टाका, त्याला लूपबॅक म्हणतात. ग्लू लावताना एका टोकाने उजेड घालायचा, दुसऱ्या टोकाने मोजायचा, अन् मीटरवर आकडा सर्वात जास्त आला की ॲरे दोन्ही बाजूंनी बरोबर बसला. हे दोन ग्रेटिंग तुमच्या प्रयोगाला काही कामाचे नाहीत असं वाटेल, जागा वाचवायला कोणी ते काढूनही टाकते, पण लूपबॅक नाही म्हणजे आंधळेपणाने चिकटवणं. हे मी हात जोडून सांगतो.

तारांचे पॅडही (विजेची तार जोडायच्या जागा) एकाच कडेला, फायबरच्या कडेपासून दूर ठेवा. वायर बाँडिंगची सोन्याची तार साधारण २५ मायक्रॉनची असते, तिची कमान वर येते, अन् फायबरचा काचेचा ठोकळा तिच्यावर टेकला की तार तुटली. चिपच्या एका बाजूला उजेड, समोरच्या बाजूला वीज, एवढं पाळलं तरी पॅकेजिंगवाला तुमचे आभार मानेल. अन् पॅकेजिंगवाला कोण आहे हे आधी ठरवून त्याचे डिझाइन रूल मागवा. युरोपात आयर्लंडचं टिंडल, नेदरलँड्सचं फिक्स हेच काम करतात, त्यांचे रूल पाहिले तरी पॅड केवढा, कडेपासून किती जागा सोडायची, हे सगळं कळते, काम त्यांना द्या किंवा देऊ नका.

लेझर चिपमध्ये काहून नसतो, अन् त्यामुळे काय काय अडतं

सिलिकॉन उजेड वाहून नेतो, पण स्वतः उजेड तयार करत नाही, त्याचा बँडगॅप इनडायरेक्ट आहे, म्हणजे त्याच्यात वीज घातली तर उजेडाऐवजी बहुतेक उष्णताच निघते. लेझरसाठी इंडियम फॉस्फाइड लागतं. डिटेक्टरसाठी सिलिकॉनवर जर्मेनियम वाढवतात. म्हणजे एका छोट्या मॉड्यूलमध्ये दोन-तीन वेगळ्या पदार्थांच्या सप्लाय चेन येऊन मिळतात, अन् त्यातली कोणती कधी अडेल सांगता येत नाही.

सिलिकॉनपासून सुरू करू. फोटॉनिक्सला साधा सिलिकॉन वेफर (ज्या गोल चकतीवर चिप बनतात ती) चालत नाही, एसओआय लागतो, म्हणजे वर पातळ सिलिकॉन, खाली २ किंवा ३ मायक्रॉन ऑक्साइड, त्याखाली जाड सिलिकॉन. ह्यात फ्रान्सच्या ग्रनोबलजवळची सोयटेक ही कंपनी सर्वात मोठी, अन् तिचीच स्मार्ट कट पद्धत इतर उत्पादक लायसन्स घेऊन वापरतात. सिलिकॉनचे कांडे ओढायला जी मूस लागते तिला अतिशुद्ध क्वार्ट्झ लागते, अन् तसं क्वार्ट्झ मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या स्प्रूस पाइन नावाच्या छोट्या गावाजवळून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने तिथं पूर आला अन् खाणी थांबल्या, तेव्हा अख्ख्या सेमिकंडक्टरवाल्यांचा जीव टांगणीला लागला होता.

इंडियमची गोष्ट अजून नाजूक. इंडियमसाठी वेगळी खाण नसते, ते जस्त काढताना सोबत थोडंसं निघतं. जर्मेनियमही जस्तातून अन् काही ठिकाणी कोळशाच्या राखेतून, गॅलियम बॉक्साइटपासून ॲल्युमिना बनवताना. म्हणजे लेझरची मागणी दुप्पट झाली म्हणून इंडियम दुप्पट निघत नाही, जस्ताचा धंदा जेवढा चालेल तेवढंच निघते. ह्या धातूंच्या शुद्धीकरणात चीनचा वाटा मोठा आहे, अन् १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम अन् जर्मेनियमच्या निर्यातीला तिथं परवाना लागू झाला, फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडियम अन् इंडियम फॉस्फाइडही त्या यादीत गेलं. इंडियम फॉस्फाइडचे वेफर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच, जपानच्या सुमितोमो इलेक्ट्रिक अन् जेएक्स, अमेरिकेची एएक्सटी, अन् तिचाही कारखाना चीनमध्येच. सिलिकॉनचे वेफर २०० अन् ३०० मिलिमीटरचे असतात, इंडियम फॉस्फाइड ठिसूळ म्हणून वर्षानुवर्षे २, ३, ४ इंचांवरच काम चाललं, ६ इंच आत्ता कुठे सुरू झालं. छोटा वेफर, कमी लेझर, जास्त भाव. त्यात २०२५ पासून एआय डेटा सेंटरवाल्यांनी एवढी खरेदी लावली की लेझरचा तुटवडा बातम्यांमध्ये येऊ लागला, अन् मोठ्या गिऱ्हाइकापुढे कॉलेजच्या दोन नगांच्या ऑर्डरीचा नंबर मागेच लागणार.

म्हणून तुम्ही काय करायचं? लेझर चिपवर बसवायच्या फंदात पडू नका. बाहेरून घ्या, १४ पिनच्या बटरफ्लाय पॅकेजमधला डीएफबी लेझर (एकाच पक्क्या तरंगलांबीचा), फायबर आधीच लावलेला, आत थंड ठेवायची सोय असलेला. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल ह्या एकाच आकारात येतो म्हणून एक नाही मिळाला तर दुसऱ्याचा लागतो, फक्त पिनची मांडणी डेटाशीटमध्ये ताडून पाहा, ती दोन प्रकारची असते. अन् ऑर्डर चिपच्या आधी टाका. चिप येईपर्यंत लेझर आलेला असला पाहिजे, उलटं झालं तर चिप घेऊन बसावं लागतं. अजून एक, १५५० नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला दिसत नाही, फायबरच्या टोकात डोकावून पाहायचं नाही कधीच, आयआर कार्ड (न दिसणारा उजेड दाखवणारं) घ्या, स्वस्त येते.

डिझाइन काढताना

सॉफ्टवेअरसाठी पैसे नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. लेआउट, म्हणजे चिपचा नकाशा, काढायला केलेआउट फुकट आहे, जीडीएसफॅक्टरी पायथॉनवर चालते अन् फुकट आहे, सिम्युलेशनला एमआयटीतून निघालेलं मीप आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी सायएपिक नावाचं अख्खं टूलकिट मोकळं ठेवलंय. गावात नेट कमीजास्त होते, पण हे सगळं एकदा उतरवून घेतलं की ऑफलाइन चालतं, मोठं सिम्युलेशन रात्री लावून ठेवायचं.

चिप पायथॉन कोडमध्ये काढा, माऊसने नाही. त्याचं कारण सप्लायशी जोडलेलं आहे. एका फाउंड्रीचा सिलिकॉन २२० नॅनोमीटर जाड, दुसरीचा ३००च्या आसपास, फिनलंडच्या व्हीटीटीचा तर ३ मायक्रॉन. एकीसाठी काढलेलं डिझाइन दुसरीकडे जसंच्या तसं चालतच नाही. ठरलेली रन (फाउंड्रीची चिप बनवायची फेरी) रद्द झाली, भाव वाढला, कागदपत्रं अडली, तर दुसरीकडे जावं लागतं, अन् तेव्हा कोडमधल्या रुंदी, त्रिज्या, अंतर बदलून चार दिवसांत नवीन लेआउट निघतो. माऊसने काढलेलं पूर्ण परत काढावं लागतं.

दुसरं म्हणजे फॅब कितीही चांगली असली तरी तुम्ही लिहिलेली रुंदी तंतोतंत येत नाही. रिंग रेझोनेटरमध्ये वेव्हगाइडची रुंदी एक नॅनोमीटर बदलली की रेझोनन्स, म्हणजे रिंग पकडते ती तरंगलांबी, साधारण एक नॅनोमीटर सरकतो, जाडी बदलली तर त्याहून जास्त. अन् वेफरच्या मधात अन् कडेला जाडी थोडी वेगळी असतेच. म्हणून एकच रिंग काढून तिच्यावर अख्खा प्रोजेक्ट टांगू नका. रुंदी चार-पाच नॅनोमीटरने कमीजास्त करत तीच रिंग अनेकदा काढा, जागा तशीही उरते.

तिसरं आपल्या भागाचं. सिलिकॉनची रिंग एक डिग्री तापमानाला साधारण ०.०८ नॅनोमीटर सरकते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे बाहेर ४५-४६ डिग्री असतं, लॅबचा कूलर चालू असला तरी सकाळी दहा ते दुपारी तीन ह्यात आतलं तापमान सहज १० डिग्रीने चढते. म्हणजे ०.८ नॅनोमीटर, अन् डीडब्ल्यूडीएमच्या (एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबीचे चॅनेल पाठवायच्या पद्धतीच्या) १०० गिगाहर्ट्झच्या दोन चॅनेलमधलं अंतर एवढंच असते. सकाळी एका चॅनेलवर असलेली रिंग दुपारी शेजारच्या चॅनेलवर. मोजमापं जुळत नाहीत म्हणून चिपला दोष देत बसण्यापेक्षा चिपखाली पेल्टियर (विजेवर थंड-गरम करणारी पट्टी) अन् थर्मिस्टर (तापमान मोजणारा) लावायची जागा पॅकेजमध्ये आधीच धरा.

फाउंड्री, ब्रोकर अन् कागदपत्रं

पूर्ण वेफर आपल्याला परवडत नाही, म्हणून एमपीडब्ल्यू, एका वेफरवर बऱ्याच जणांचे डिझाइन अन् खर्च वाटून. बेल्जियमचं आयमेक, फ्रान्सचं लेती, जर्मनीचं आयएचपी, सिंगापूरचं एएमएफ, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनचं कॉर्नरस्टोन, सिलिकॉन नायट्राइडसाठी स्वित्झर्लंडचं लायजेंटेक, नेदरलँड्सचं लायोनिक्स, असे बरेच पर्याय आहेत. युरोपातल्या बऱ्याच फाउंड्री युरोप्रॅक्टिस ह्या ब्रोकरमार्फत जातात, अन् विद्यापीठांना वेगळा दर असतो. नुसती पॅसिव्ह चिप, म्हणजे वेव्हगाइड, स्प्लिटर, रिंग, काही हजार युरोत होते. मॉड्युलेटर अन् जर्मेनियम डिटेक्टर असलेली ॲक्टिव्ह चिप दहा हजारांच्या पटीत जाते अन् फाइल दिल्यापासून चिप यायला सहा महिने ते वर्ष धरून चाला. कॅनडाचं अप्लाइड नॅनोटूल्स ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी काढून) पॅसिव्ह चिप त्यामानाने लवकर देतं, पहिल्या प्रयत्नाला हा चांगला रस्ता आहे.

पण परदेशाकडे पाहायच्या आधी घरचं पाहा बाप्पा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स अन् आयटी मंत्रालयाचा आयएनयूपी-आयटूआय नावाचा कार्यक्रम आहे, त्यात बाहेरच्या कॉलेजातल्या लोकांना बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये अन् मुंबई, मद्रास, दिल्ली, खरगपूर, गुवाहाटी इथल्या आयआयटींच्या नॅनोफॅबमध्ये शिकायला अन् काम करायला मिळतं. आयआयटी मद्रास अन् आयआयएससीत सिलिकॉन फोटॉनिक्सचं काम जोरात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ७६,००० कोटींच्या सेमिकंडक्टर कार्यक्रमात सिलिकॉन फोटॉनिक्सचं नाव लिहूनच आहे. अर्ज गाइडच्या नावाने नीट भरून पाठवा, प्रस्तावात मोजमाप काय करणार ते स्पष्ट लिहा. खेड्यातलं कॉलेज म्हणून बाजूला ठेवतील असं मनात आणू नका, हा कार्यक्रम बाहेरच्यांसाठीच काढलाय.

परदेशी फाउंड्री घेतली तर पहिला कागद म्हणजे एनडीए, गोपनीयतेचा करार. त्याच्याशिवाय पीडीके, म्हणजे त्या फाउंड्रीचे रूल अन् तयार घटकांची लायब्ररी मिळत नाही. ह्यावर सही कॉलेजच्या अधिकृत माणसाची लागते, विद्यार्थ्याची चालत नाही, अन् प्राचार्य, ट्रस्ट, वकील असं फिरत हा कागद महिनोन्‌महिने टेबलावर पडतो. म्हणून हा पहिल्या दिवशी पाठवा. सोबत एंड यूज सर्टिफिकेट मागतात, चिप कशासाठी वापरणार, कोण वापरणार, त्यात गोलमोल लिहू नका, सरळ शिक्षण अन् संशोधन, प्रयोगाचं नाव, लॅबचा पत्ता.

पैशाचं म्हणाल तर फाउंड्रीला आगाऊ रक्कम लागते, अन् आपल्या इकडे माल आल्याशिवाय बिल पास होत नाही. हे भांडण फाइल सुरू व्हायच्या आधी अकाउंट सेक्शनसोबत बसून सोडवा, नाहीतर रनची तारीख निघून जाते अन् पुढची रन तीन-चार महिन्यांनी. युरोचा भाव ऑर्डर अन् पेमेंटच्या मधात बदलतो, त्यासाठी १० टक्के वर धरून ठेवा, कस्टम अन् जीएसटी वेगळं. पार्सलच्या बाहेर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा की आत उघडी सेमिकंडक्टर चिप आहे, धूळ चालत नाही, डबी उघडू नये. अन् पत्ता तालुक्याचा देऊ नका. नागपूरचा कोणाचा तरी पक्का पत्ता द्या अन् स्वतः जाऊन आणा, विशेषतः उन्हाळ्यात.

चिप आल्यावर आधी मोजा, मग चिकटवा

एमपीडब्ल्यूमध्ये मोजक्याच चिप मिळतात. सगळ्या एकदम पॅकेजिंगला पाठवायच्या नाहीत. ग्रेटिंग घेतल्याचा फायदा इथं आहे, प्रत्येक चिपवर फायबर ॲरे वरून धरून लूपबॅक मोजा, मग रिंग मोजा, चिपला नंबर द्या, वहीत तापमानासकट लिहा. आपल्याकडे पोझिशनिंग स्टेज (मायक्रॉनच्या हिशोबाने सरकवणारं यंत्र) नसेल तर ज्या आयआयटीत सोय आहे तिथं आठवडाभर जाऊन सगळं एकदम मोजून या. चांगल्या चिप वेगळ्या काढायच्या अन् त्यातल्या अर्ध्याच चिकटवायच्या, बाकीच्या राखून.

हे काहून? प्रत्येक जोड ९५ टक्के वेळा नीट बसतो असं धरा, ऐकायला छान वाटते, पण एका मॉड्यूलमध्ये असे १० जोड असले तर सगळे एकाच वेळी नीट बसण्याची शक्यता ६० टक्क्यांवर येते. अन् पॅकेज झाल्यावर खराब निघालं तर त्यासोबत चांगली चिप, ॲरे, ग्लू, मजुरी सगळं गेलं. मोठ्या कंपन्यांचंही नेमकं हेच दुखणं आहे, इलेक्ट्रॉनिक चिप वेफरवर सुया टेकवून भराभर तपासतात, फोटॉनिक्समध्ये प्रत्येक ठिकाणी फायबर मायक्रॉनच्या हिशोबाने जुळवावा लागतो अन् त्यात वेळ जातो.

ग्लू, ऊन, लाइट अन् स्टॅटिक

फायबर चिकटवायला यूव्हीने सुकणारं इपॉक्सी वापरतात. ते थंडीत ठेवावं लागतं अन् त्याला मुदत असते, बरेचदा सहा महिने ते वर्ष. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गोदामात दोन दिवस तापलेली ट्यूब वापरू नका, लेबल चांगलं दिसलं तरी नाही. ग्लू हिवाळ्यात मागवा, छोट्या ट्यूब घ्या, अन् फ्रिजमधून काढल्यावर लगेच झाकण उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या नाहीतर आत दमट धरते. चिकटवताना यूव्ही एकदम पूर्ण जोरात मारू नका, ग्लू सुकताना आकसतो अन् ॲरे ओढला जातो. थोडा उजेड, मीटर पाहा, परत थोडा.

लाइट जाते हे धरूनच चाला. लेझरचा करंट अचानक गेला-आला तर लेझर मरू शकतो, म्हणून लेझर ड्रायव्हर, पेल्टियर कंट्रोलर अन् स्टेज ऑनलाइन यूपीएसवर, कूलर-पंखा त्यावर नको. ग्लू ओव्हनमध्ये पक्का करायला ठेवला अन् मधातच लाइट गेली तर जोड अर्धवट राहतो, त्या दिवशी महावितरणचं मेंटेनन्स आहे का ते आधी पाहून घ्या.

अन् स्टॅटिक. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी होते की स्वेटर नसतानाही हाताला चटका बसतो. जर्मेनियम डिटेक्टर अन् लेझर ह्या चटक्याने जातात, अन् दिसायला काहीच दिसत नाही, फक्त लीकेज (नको असताना वाहणारा करंट) वाढलेलं असते. मनगटाला ग्राउंडचा पट्टा, टेबलावर ईएसडी मॅट, अन् कॉलेजचं अर्थिंग खरंच चांगलं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आपल्या जुन्या इमारतींत पिनेला तार असते पण खड्डा सुकलेला असतो, त्यात पाणी घालावं लागतं. ॲक्टिव्ह चिपचं काम पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात ठेवलं तर बरंच.

ह्यातलं इकडे काय होऊ शकते

फॅब इकडे येईल की नाही ते माझ्या-तुमच्या हातात नाही. पण जोडाचं अन् मोजायचं काम आपल्या हातात आहे, अन् ह्या धंद्यात माणसं तिथंच कमी आहेत. तालुक्याच्या गावात भारतनेटचा अन् ब्रॉडबँडचा फायबर जोडणारे पोट्टे आहेत, रस्त्याच्या कडेला धुळीत बसून ते फायबर सोलतात, क्लीव्ह करतात (सरळ कापतात), स्प्लाइस करतात (वितळवून जोडतात), ओटीडीआरवर (फायबरमधला दोष शोधणाऱ्या यंत्रावर) जोड तपासतात. त्यांचा हात बसलेला आहे. कॉलेजने त्यातल्या एकाला बोलवा, मानधन द्या अन् विद्यार्थ्यांना फायबर साफ करणं अन् कापणं शिकवू द्या. हिरवा एपीसी (तिरप्या टोकाचा) कनेक्टर निळ्यात घुसवायचा नाही, दर वेळी टोक साफ करून स्कोपखाली पाहायचं, ह्या सवयी पुस्तकातून लागत नाहीत. फायबरसुद्धा जवळचाच मिळतो, छत्रपती संभाजीनगरला काचेच्या प्रीफॉर्मपासून फायबर ओढणारा कारखाना आहे, सरावाला रील तिकडून मागता येते.

आता वेळेचं. फायनल इयरला जुलैमध्ये विषय घेऊन मे महिन्यात चिप दाखवायची म्हटलं तर ॲक्टिव्ह चिप बसतच नाही, पॅसिव्ह कशीबशी बसते. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू करा. डिसेंबरपर्यंत एनडीए अन् आयएनयूपीचा अर्ज पाठवलेला, जानेवारीत पॅकेजवाल्याचे रूल, फायबर ॲरे अन् लेझरचे कोटेशन हातात, फेब्रुवारी-मार्चमध्ये लेआउट, एप्रिलच्या रनला फाइल. उन्हाळ्यात लेझर येईल, तोवर नुसत्या फायबरवर लॉस मोजायचा सराव करा. पॅसिव्ह चिप दसऱ्याच्या आसपास आली तर थंडी सुरू होता होता मोजणं अन् चिकटवणं, दोन्ही जमते. अन् ज्यांचं वर्ष संपून राहिलं त्यांनी लेआउटचा कोड, चिपच्या नंबरांची वही अन् उरलेल्या चिप पुढच्या बॅचच्या हातात सही घेऊन द्या, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून.